दार ठोठावताना लाजू नका

मननासाठी : उत्पत्ती १८:२०-३२, लूक ११:१-१३



मध्यरात्री म्हाताऱ्या आईच्या छातीत कळ येते, किंवा लहान मूल तापाने फणफणते. घरात गाडी नाही, शेजाऱ्याकडे आहे. अशा वेळी आपण काय करतो? सरळ जाऊन त्याचे दार वाजवतो. घड्याळात किती वाजले ते बघत नाही, अंगावर कोणते कपडे आहेत ते बघत नाही. “अहो, उठा, गाडी काढा, आईला बरे नाही!” एवढेच आपल्या तोंडून निघते. क्षमा मागणे, आभार मानणे, सगळे नंतर. आणि शेजारीही त्याचा राग धरत नाही. उलट आपण संकोचाने दार वाजवलेच नाही आणि सकाळी त्याला कळले, तर तो म्हणतो, “मला हाक का मारली नाही? मी काय परका होतो?”

आता आपण देवाच्या दाराशी कसे जातो ते आठवून पाहू. गुडघे टेकले की आपला आवाज बदलतो. पाठ केलेली वाक्ये एकामागून एक बाहेर पडतात. मनात असतो कर्जाचा हप्ता, मुलीचे न जमणारे लग्न, दारू पिऊन येणारा नवरा, जमिनीच्या वाटणीवरून भावाशी तुटलेले बोलणे. ओठांवर मात्र यातले काहीच नसते. पाहुणे यायच्या आधी आपण घरातला पसारा आतल्या खोलीत ढकलतो, तसे प्रार्थनेच्या आधी आपण आपले खरे आयुष्य आत ढकलून देतो आणि बाहेरची आवरलेली खोली तेवढी देवाला दाखवतो. पण देव पाहुणा नाही. तो घरातलाच आहे. आतल्या खोलीत काय आहे ते त्याला ठाऊक आहे. ती खोली आपण स्वतः उघडावी, एवढीच तो वाट पाहतो.

येशूने सांगितलेली गोष्ट

“प्रभो, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा,” अशी विनंती एका शिष्याने केली, तेव्हा येशूने त्यांना पित्याला हाक मारायला शिकवले आणि लगेच एक गोष्ट सांगितली. एका माणसाकडे अपरात्री पाहुणा आला. घरात भाकर नव्हती. तो मित्राच्या दाराशी जाऊन तीन भाकरी मागू लागला. मित्र आतून कुरकुरला : दार लावले आहे, मुले माझ्याजवळ निजली आहेत, आता मला उठवू नकोस.

त्या काळी गरिबाचे घर बहुधा एकाच खोलीचे असे आणि सारे कुटुंब तिथेच जवळजवळ झोपत असे. एकाने उठून दाराचा अडसर काढायचा म्हणजे सगळ्यांचीच झोपमोड. तेव्हा आतल्या माणसाची अडचण खोटी नव्हती. तरीही तो उठेल, असे येशू म्हणतो. मैत्रीखातर नाही उठला, तरी बाहेरच्याच्या आग्रहाखातर उठेल. संत लूकने इथे जो ग्रीक शब्द वापरला आहे, त्याचा सरळ अर्थ ‘निर्लज्जपणा’ असा होतो. भाषांतरात तो शब्द पुष्कळदा ‘आग्रह’ असा सौम्य होऊन येतो. पण येशूच्या मनातला माणूस भीड बाजूला ठेवून दार वाजवणारा माणूस आहे.

देव त्या झोपाळू मित्रासारखा आहे, असे येशूला म्हणायचे नाही. तो म्हणतो, वैतागलेला मित्रसुद्धा जर उठतो, आपल्यासारखे दोषांनी भरलेले आईबाप जर मासा मागणाऱ्या मुलाच्या हातावर साप ठेवत नाहीत, तर स्वर्गातला पिता किती अधिक देईल! म्हणजे आपल्या धिटाईचा आधार आपली पुण्याई नव्हे. देव आपला पिता आहे, हाच तिचा आधार. मूल बापाकडे हट्ट करते ते आपण फार चांगले वागलो म्हणून नव्हे, तर हा माझा बाप आहे म्हणून.

आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटू नये. तो माणूस भाकर मागतो ती स्वतःसाठी नव्हे, दाराशी आलेल्या भुकेल्या पाहुण्यासाठी. दुसऱ्याची भूक समोर दिसली की माणसाला मागायची लाज वाटत नाही.

देवाशी घासाघीस करणारा अब्राहाम

आपल्या विश्वासाचा पिता अब्राहाम हेच करतो. सदोम नगरीचा नाश होणार हे कळल्यावर तो देवासमोर उभा राहतो. नगरात पन्नास नीतिमान लोक असतील तर? पंचेचाळीस असतील तर? चाळीस, तीस, वीस, शेवटी दहा. एकूण सहा वेळा तो मागणी घालतो. बाजारात भाव करणाऱ्या माणसासारखी त्याची ही घासाघीस वाचताना आपल्याला हसू येते. पण त्याच्या मनात भीतीही आहे. आपण धूळ आणि राख आहोत, हे तो स्वतःच कबूल करतो. नम्रता आणि धिटाई एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, हे आपण त्याच्याकडून शिकतो. आणि सहाही वेळा देव एकदाही त्याच्यावर रागावत नाही.

पुढे काय झाले? दहा नीतिमानही सापडले नाहीत आणि नगरी वाचली नाही. मग अब्राहामाची प्रार्थना फुकट गेली का? पुढच्याच अध्यायात एक वाक्य येते, ते आपण सहसा घाईने वाचून जातो. देवाने अब्राहामाची आठवण ठेवली आणि त्याचा पुतण्या लोट याला त्या विनाशातून बाहेर काढले, असा त्याचा आशय आहे. अब्राहामाने नगरी मागितली होती. त्याच्या पदरात पडला पुतण्या आणि त्याच्या दोन मुली. मागितले तसे मिळाले नाही, पण मागणे वाया गेले नाही.

पोप फ्रान्सिस यांनी मे २०२० पासून जून २०२१ पर्यंत बुधवारच्या भेटींमध्ये प्रार्थनेवर धर्मशिक्षण दिले. त्यात ३ जून २०२० रोजी अब्राहामाबद्दल बोलताना, देवाशी वाद घालायला घाबरू नका, असे त्यांनी सांगितले. महामारीचे ते दिवस होते. आपले चर्च बंद होते, मोजक्या माणसांत आपल्या माणसांना मूठमाती द्यावी लागत होती. त्या दिवसांत ज्यांनी रिकाम्या घरात देवाला जाब विचारला, त्यांनी काही पाप केले नाही.

“आम्ही धाडस करतो”

पवित्र मिस्सेत प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणण्याआधी धर्मगुरू आपल्याला एक आमंत्रण देतात. त्या आमंत्रणाच्या मूळ लॅटिन शब्दांत ‘आम्ही धाडस करतो’ असा अर्थ आहे. देवाला ‘बापा’ म्हणणे ही साधी गोष्ट नाही, ते धाडस आहे, ही जाणीव त्यात आहे. येशूने शिकवले म्हणून आपण ते करतो, एरवी आपली हिंमत झाली नसती. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानेही या मुलासारख्या धिटाईवर भर दिला आहे. दर रविवारी आपण हे धाडस करतो खरे, पण किती सवयीने! पुढच्या वेळी ते आमंत्रण ऐकताना क्षणभर थांबू या आणि आता आपण कोणाला हाक मारणार आहोत ते आठवू या.

राग आणि अश्रूसुद्धा प्रार्थना आहेत

आता थोडे आमच्याबद्दल. काही काळापूर्वी आम्ही धर्मगुरू एका घरी भेटीला गेलो होतो. त्या घरातला तरुण मुलगा अपघातात गेला होता. वडील रविवारी मिस्सेला येत, शेवटच्या बाकावर बसत, पण ओठ हलत नसत. आम्ही सवयीप्रमाणे म्हणालो, “देवाची इच्छा. त्याच्यापुढे आपण काय करणार?” ते काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि चहा घेऊन आले. भेट संपली. परतताना रस्त्यात आमच्या लक्षात आले की आपण सांत्वन केले नाही, आपण त्या माणसाचे तोंड बंद करून आलो.

पुन्हा गेलो तेव्हा आम्ही विचारले, “तुम्ही प्रार्थना का म्हणत नाही?” ते म्हणाले, “फादर, काय बोलू? तोंड उघडले तर शिवीच बाहेर पडेल.” आम्ही उत्तर दिले नाही. बायबल उघडून अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचले. ते स्तोत्र अंधाराने संपते. बहुतेक विलापस्तोत्रांच्या शेवटी आशेचा एखादा शब्द येतो, इथे तोही नाही. वाचून झाल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, “हे बायबलमध्ये आहे?”

होय, आहे. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. देवा, तू कुठे आहेस? किती दिवस माझ्याकडे पाठ फिरवणार? असे प्रश्न तिथे पुन्हा पुन्हा येतात. यिर्मया संदेष्टा देवावर फसवणुकीचा आरोप करतो. शिलोच्या मंदिरात हन्ना इतकी व्याकूळ होऊन ओठ हलवत होती की एली याजकाला ती दारू प्यालेली वाटली. बेथानीच्या मार्थेने येशू भेटताच पहिले वाक्य उच्चारले ते तक्रारीचे : तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. येशूने तिला गप्प केले नाही. त्या तक्रारीतूनच पुढचे संभाषण वाढले आणि मार्थेच्या तोंडून येशू हाच ख्रिस्त असल्याची कबुली निघाली. आईला प्रश्न पडेल, “असे बोललेले देवाला चालेल का?” पवित्र शास्त्रात देवाने हे शब्द जपून ठेवले आहेत, यातच त्याचे उत्तर आहे.

जो देवाला जाब विचारतो तो अजून देवाकडे तोंड करून उभा आहे. त्याने पाठ फिरवलेली नाही. खरा धोका रागाचा नाही, अबोल्याचा आहे. नवरा-बायकोत भांडण होते तेव्हा घर अजून जिवंत असते. बोलणेच बंद झाले की मग काळजी करावी.

त्या वडिलांचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. चमत्कार झाला नाही. ते आजही शेवटच्याच बाकावर बसतात. पण त्यांनी आम्हांला सांगितले की रात्री झोपण्याआधी ते देवाला एक वाक्य सांगतात, “माझा राग अजून गेलेला नाही.” आम्हांला वाटते, आपल्या धर्मग्रामातील अतिशय प्रामाणिक प्रार्थनांपैकी ती एक आहे.

‘तुझी इच्छा’ आधी की नंतर?

यावरून आम्ही एक गोष्ट शिकलो. ‘देवाची इच्छा’ हे शब्द पवित्र आहेत, पण आपण ते कधीकधी पळवाट म्हणून वापरतो. मागितले आणि मिळाले नाही तर मन मोडेल, या भीतीने आपण मागतच नाही. ‘तुझी इच्छा’ म्हणून मोकळे होतो. वरून ती श्रद्धा दिसते, आतून ती कधीकधी निराशा असते.

गेथशेमाने बागेत येशूने काय केले ते पाहा. त्याने आधी मागितले. हा प्याला माझ्यापासून दूर कर, असे त्याने आपल्या पित्याला स्पष्ट शब्दांत सांगितले. त्याला भीती वाटत होती, मरण नको होते, आणि हे त्याने लपवले नाही. त्यानंतर त्याने आपली इच्छा पित्याच्या इच्छेपुढे ठेवली. हे एकदा नव्हे, तीन वेळा घडले. ज्याने आपली इच्छा बोलूनच दाखवली नाही, तो अर्पण काय करणार? हातात काही असेल तरच ते आल्तारावर ठेवता येते.

येशूने मोठ्या आक्रोशाने आणि अश्रूंनी प्रार्थना केली आणि त्याचे ऐकण्यात आले, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. त्याचे ऐकण्यात आले? पण दुसऱ्या दिवशी तर तो क्रुसावर मेला! प्याला टळला नाही. पित्याने त्याला मरणापासून वाचवले नाही, मरणातून उठवले. हे उत्तर यायला तिसरा दिवस उजाडावा लागला. आपल्यापैकी पुष्कळ जण आज शुक्रवार आणि रविवार यांच्या मध्ये उभे आहेत. त्यांना आम्ही खोटा धीर देणार नाही. एवढेच सांगतो की त्या शनिवारीसुद्धा पिता बहिरा नव्हता.

एका मुलीची धिटाई

लिझ्यूची संत तेरेजा आपल्याला ठाऊक आहे. कार्मेल मठात जायची तिला तळमळ लागली होती, पण वय आड येत होते. २० नोव्हेंबर १८८७ रोजी यात्रेकरूंबरोबर ती पोप तेरावे लिओ यांच्यापुढे आली. पोपमहोदयांशी कोणी बोलायचे नाही, अशी सर्वांना ताकीद होती. चौदा वर्षांच्या तेरेजाने त्यांच्यापुढे गुडघे टेकले आणि पंधराव्या वर्षी मठात जाण्याची परवानगी मागितली. वरिष्ठ ठरवतील तसे कर, देवाची इच्छा असेल तर तुला प्रवेश मिळेल, असे उत्तर मिळाले. तरीही ती उठेना, तेव्हा रक्षकांनी तिला उचलून बाजूला नेले. ती रडत परतली. ९ एप्रिल १८८८ रोजी तिला मठात प्रवेश मिळाला.

हीच तेरेजा पुढे प्रांजळपणे लिहिते की प्रार्थनेत तिला झोप लागायची आणि एकटीने रोझरी म्हणणे तिला जड जायचे. आयुष्याचे शेवटचे सुमारे दीड वर्ष तिच्या मनावर श्रद्धेच्या बाबतीत दाट काळोख पसरला होता. तिने तोही लपवला नाही. मागताना धीट आणि सांगताना खरी, अशी ही संत. रोझरी म्हणताना ज्यांना डुलकी लागते, त्यांनी एवढे खट्टू होऊ नये.

धिटाई म्हणजे सौदा नव्हे

इथे एक सावधगिरी. धीट प्रार्थना म्हणजे देवाला हुकूम सोडणे नव्हे. ‘नऊ दिवस नोव्हेना केली, आता माझे काम झालेच पाहिजे’, हा व्यवहार झाला. याकोब आणि योहान येशूकडे आले आणि आपण मागू ते करावे म्हणाले. “मी तुमच्यासाठी काय करावे?” असे येशूने त्यांना विचारले. त्यांनी मानाच्या जागा मागितल्या. मार्कच्या त्याच दहाव्या अध्यायात, यरीहोच्या रस्त्यावर ओरडणाऱ्या आंधळ्या बार्तिमयालाही येशूने हाच प्रश्न केला. त्याने दृष्टी मागितली आणि मिळताच तो येशूच्या मागे चालू लागला. प्रश्न एकच, पण मागणी वेगवेगळी. मात्र लक्षात घ्या, येशूने त्या दोघा भावांनाही हाकलून दिले नाही. त्यांची चुकीची मागणी बाहेर आली म्हणूनच ती सुधारता आली. आपली स्वार्थी इच्छासुद्धा देवासमोर बोलून दाखवू या. मनात दडवली तर ती तशीच राहील.

आणि प्रामाणिकपणा दोन्हीकडून लागतो. भावाशी समेट व्हावा म्हणून मेणबत्ती लावायची आणि वाटेत भाऊ दिसला की मान फिरवायची, हे जमणार नाही. आपण खऱ्या मनाने दार ठोठावले, तर देवही कधीकधी आपले दार ठोठावतो.

या आठवड्यासाठी

१. रोज रात्री पाठ केलेल्या प्रार्थना झाल्यावर दोन मिनिटे आपल्या घरच्या बोलीत देवाशी बोलू या. स्वयंपाकघरात बोलतो तसेच.

२. जी गोष्ट आजवर देवाला सांगायला लाज वाटली, ती एक गोष्ट त्याला सांगू या. ती पापाची असेल तर कुमसाराच्या संस्काराकडे येऊ या. शब्द सापडत नसतील तर तेवढेच सांगा, पुढचे आम्ही मिळून पाहू.

३. कुटुंबाच्या प्रार्थनेत मुलांना स्वतःच्या शब्दांत मागू द्या. सायकल मागितली तर हसू नका. आज सायकल मागणारे मूल उद्या मोठ्या संकटात मागायला लाजणार नाही.

४. दुःखी घरात गेलो तर ‘देवाची इच्छा’ म्हणण्याची घाई करू नका. आधी ऐका. अब्राहामाप्रमाणे त्यांच्या वतीने आपण देवापुढे उभे राहू या.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्यापुढे फार काळ आवरून-सावरून आलो. आज आम्ही जसे आहोत तसे आलो आहोत. आमच्या गरजा तुला सांगतो, आमची भीती तुला सांगतो, आमचा रागही तुला सांगतो. ज्यांचे तोंड दुःखाने बंद झाले आहे, त्यांच्या वतीने आम्ही तुझे दार ठोठावतो. आम्ही मागतो ते दे. ते देणे योग्य नसेल तर आम्हांला तुझा पवित्र आत्मा दे, म्हणजे नकार ऐकूनही आम्ही तुझ्या दारातून उठून जाणार नाही. तुझ्या पुत्राच्या, आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने हे मागतो. आमेन.

आपले धर्मगुरू